आत्या, माझा खांदा अजून आधी बोलतो

अन्याय झाला तो सगुणाआत्यावर. गेल्या वर्षी, म्हशाच्या जत्रेआधीच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, छोट्या सुट्टीची घंटा वाजत असताना. त्या वेळी गावच्या शाळेच्या कुंपणाबाहेर चौदा काठ्या आणून ठेवल्या गेल्या. सात हिवाळे दर शनिवारी त्या काठ्या मुलींच्या हातात देणाऱ्या बाईला शिपायाच्या तोंडून निरोप मिळाला की आता कराटेचे सर येणार, त्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे, तुम्ही यायची गरज नाही.

एवढं लिहिलं की माझा हात आपोआप पुढच्या शब्दांकडे धावतो. जाहीर निषेध. धिक्कार असो. आठ वर्षं पत्रकं लिहून हाताला लागलेली सवय आहे ती. आज त्या हाताला थांबवते, आत्या, कारण पत्रकात मी जे लिहिलं नव्हतं ते आधी लिहायचं आहे. अन्याय दुसऱ्यांदाही झाला. त्या शनिवारनंतर बारा दिवसांनी, किन्हवलीच्या एस.टी. स्टँडवर, सकाळी आठच्या सुमाराला, जत्रेला निघालेल्या माणसांच्या गर्दीत. तो मी केला.

तू जाऊन आज अकरा दिवस झाले. परवा तुमच्या वाडीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा तुझ्या भावाने माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे बोल आता. मी उभी राहिले. तहसील कचेरीसमोर माइक नसताना तासभर बोलणारी मी, आणि तुझ्या फोटोसमोर तोंडातून शब्द निघेना. शेवटी हात जोडले आणि खाली बसले. मागून तुमच्या वाडीतली सुजाता हळूच म्हणाली, "ताई, आज पहिल्यांदा तुझा खांदा गप होता." मला हसू आलं आणि मग ते हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुला कागद आवडत नसत, तरी पुन्हा एक काढते आहे. हा तुला विचारून काढता येत नाही, एवढं दुःख त्यात आहेच.

मी तुझ्याकडे पहिल्यांदा आले ती काठी शिकायला आले नव्हते, हे तू सगळ्यांना रंगवून सांगायचीस. मी दहा काठ्या मागायला आले होते. शहापूरला आमच्या संघटनेचा मोर्चा होता. पुढे दहा बायका काठ्या घेऊन चालल्या तर फोटो चांगला येईल, असं मला वाटलं होतं. मी तेव्हा वीस वर्षांची, कॉलेजची बॅग खांद्याला, बॅगेत रात्रभर वाळवलेली सायक्लोस्टाइलची पानं. तू पडवीत बसून काठीला खुरासणीचं तेल चोळत होतीस. मी प्रतिकारावर भाषण केलं. तू सगळं ऐकून घेतलंस, बोटांना लागलेलं तेल स्वतःच्या पोटऱ्यांना पुसलंस आणि विचारलंस, "दहा काठ्या मागतेस. एक तरी धरता येते काय गो?"

मी म्हटलं, "तुम्ही शिकवा, सगुणाबाई."

तू मागे वळून बघितलंस. "तुमी कोनाला बोलतेस? माझे मागं कोन उभं हाय काय?"

आमच्या कुणबी आळीत तुला सगळे अगंतुगं करत, बारकी पोरंसुद्धा. ते कशातून यायचं ते मला ठाऊक होतं आणि त्याची लाज वाटायची, म्हणून मी हट्टाने 'तुम्ही' म्हणत होते. हे मी तुला समजावून सांगायला लागले. तू हात वर करून मला गप्प केलंस. "पोरी मला आत्या बोलतात. बौद्धवाडीतल्या पन आनि आता दोन-चार तुमचे आळीच्या पन. हे माझं माहेर हाय, मंग मी गावाची आत्या नाय तं कोन? आनि आत्याला कोन तुमी बोलतं?" मग म्हणालीस, "आत्या बोलून तू बोल. नुसतं तू बोललीस तं काठी बघितलीस ना?"

तिथून मी तुला तू म्हणते आहे. आता उत्तर येत नाही तरी.

दुसऱ्या दिवशी मी काठी घेऊन आले. आमच्या जुन्या गोठ्याच्या कुडातली कारवी उपसून आणली होती, सरळसोट, हलकी, मला तर फार देखणी वाटली. सुजाता तेव्हा सातवीत होती. तुझ्या सांगण्यावरून तिने आपली काठी माझ्या काठीवर एकदाच आणि तीही प्रेमानेच टेकवली, आणि माझ्या हातात वीतभर दांडकं उरलं. बाकीची कारवी पेंढ्याच्या उडवीत जाऊन पडली. अकरा मुली पोट धरून हसल्या. तू हसली नाहीस. तू गंभीरपणे विचारलंस, "गोठा उभा हाय ना अजून? का म्हशी उघड्यावर टाकून आलीस?"

त्या वर्षी म्हशाच्या जत्रेतून तू मला काठी घेऊन दिलीस. लोक घोंगड्या बघत होते, बैलांचे दात बघत होते, आणि तू बांबूवाल्याच्या ढिगाशी बसून एकेक काठी जमिनीवर आपटून कानाशी नेत होतीस. भरीव आहे की पोकळ, हे तुला आवाजावरून कळायचं. मग मला सरळ उभं केलंस आणि काठी माझ्या कानाच्या पाळीशी लावून बोटभर तुकडा कापून घेतलास. घरी आल्यावर सोळा-सतरा दिवस ती तुझ्या चुलीवरच्या धुरात टांगून ठेवलीस. मी विचारलं, "आता शिकवशील?" तू म्हणालीस, "काठी पिकू दे. तवर तू चाल."

आणि तू मला चालायला लावलंस.

हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कसं सांगू? भात झोडून व्हायचं, दाणे घरात जायचे, पेंढा उडवीला लागायचा, आणि मग तुमच्या वाडीच्या टोकाचं ते खळं आमचं व्हायचं. पहाटे उठून तू ते शेणाने सारवायचीस. आम्ही यायच्या वेळेला ते अर्धं ओलं असायचं, आणि तीच तुझी वेळ होती. पुरतं ओलं असलं तर पाय रुततो. पुरतं वाळलं तर काहीच उमटत नाही. त्या मधल्या घटकेत तू आम्हाला एकेकीला खळ्यावरून चालवायचीस आणि मग वाकून आमची पावलं वाचायचीस, जसं कोणी पोथी वाचावी.

"ही बग तुझी टाच. खड्डा पाडलास. सगळा भार मागं टाकून चालतेस, जसं कोन मागनं ओढतंय."

"हे पाऊल चांगलं हाय. हे कुनाचं गो? सुजाताचं? मंग दुसरं कुठं गेलं? एकाच पायावर शाळेत जातेस काय?"

सोळा दिवस मी नुसती चालले. मनात म्हणायचे, हा काय पोरखेळ, जग पेटलंय आणि मी शेणावर टाचा उचलून चालतेय. पण आत्या, तुला तेव्हा सांगितलं नाही ते आता सांगते. त्या सोळा सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात शांत सकाळी होत्या. धुकं खाचरांतून उठून कमरेएवढं उभं असायचं. खळं थोडं उंचावर, त्यामुळे आम्ही सगळ्या जणू धुक्यावर ठेवलेल्या परातीत उभ्या आहोत असं वाटायचं. माहुलीचे सुळके तेवढे पलीकडे तरंगत असायचे, खालचा डोंगर नाहीच. पायाखाली थंड, मऊ, थोडं ओढून धरणारं सारवण. कोणी बोलत नसे. एक पाऊल ठेवायचं, त्यात हळूहळू आपलं वजन ओतायचं, दुसरं उचलायचं. मला त्या वेळी स्वतःचं नाव आठवत नसे. भाषणं आठवत नसत. कोणावर राग आहे तेही आठवत नसे. राग नसलेली मी कशी असते हे मला त्या खळ्यावर कळलं, आणि थोडी भीतीही वाटली, कारण मी तिला ओळखत नव्हते.

सतराव्या दिवशी तू वाकलीस, माझी पावलं पाहिलीस आणि घरात गेलीस. आलीस ती माझी काठी घेऊन. धुराने ती मधाच्या रंगाची झाली होती.

पवित्रा तू झोडणीवरून शिकवलास. "भारा उचलून फळीवर मारताना कशी उभी ऱ्हातेस? तशीच ऱ्हा. आवनीला, रोपं लावायला वाकतेस तशी नको. आवनीत मान खाली असते." मी शेतकऱ्याची मुलगी, झोडणी मला येत होती, पण ती अशी कधी पाहिली नव्हती. एक पाय पुढे, गुडघा सैल, ताकद कमरेतून उठून हातात जाते आणि हातात थांबत नाही. तुझे वडील मुंबईला गोदीत कामाला होते, तिथल्या व्यायामशाळेत काठी शिकले आणि गावी सुट्टीवर आले की तुला शिकवायचे, एवढं तू एकदा सांगितलंस. "बा फिरकी शिकवून गेला. उभं कसं ऱ्हायचं ते मला भातानं शिकवलं." बाकी तुझं लग्न, तुझं माहेरी परतणं, हे तू कधी सांगितलं नाहीस आणि मी आता विचारून लिहिणार नाही.

फिरकी पहिल्यांदा जमली तो क्षण मला अजून झोपेत येतो. काठी फिरते आहे असं मला वाटलंच नाही. वाटलं की काठी जागच्या जागी आहे आणि तिच्याभोवती खळं, उडवी, धुकं, तुझी हिरवी साडी, सगळं संथ फिरतंय. आवाज कसा? रवी घुसळताना घरात दुरून ऐकू येतो तसा, पण हवेचा. तू म्हणालीस, "आयक. ती बोलतेय तवर तू बोलू नको." मी किती वेळ फिरवली कोण जाणे. नंतर सुजाताने सांगितलं, जेमतेम सात-आठ फेऱ्या झाल्या आणि काठी माझ्याच नडगीवर बसली.

नडगीवर, बोटांवर, एकदा कपाळावर. शिकाऊ माणसाला कोणी दुसरं मारायला लागत नाही. किन्हवलीच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना मी नकळत एक पाय पुढे, गुडघा सैल अशी उभी राहायचे. मुरबाडच्या बैठकीत जिल्ह्याचे पुढारी बोलत असताना टेबलाखाली माझी टाच उचललेली असायची. पण एक गोष्ट तीन हिवाळ्यांत गेली नाही. वार करायच्या आधी माझा उजवा खांदा वर जायचा. किंचितच. समोरच्याला तेवढं पुरतं.

"तुझा खांदा आधी बोलतो गो," तू म्हणायचीस. "काठी निघायच्या आदी खांदा सांगतो, आली, आली. समोरचा कशाला ऱ्हाईल तिथं?"

"मग काय करू?"

"राग खांद्यात ठेवू नको. खाली उतरव. कमरेत ठेव, पोटऱ्यांत ठेव. मोठी जागा हाय तिथं."

हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं. वहीत लिहिलं म्हणजे आलं, अशी माझी समजूत होती.

मग तो शनिवार उगवला. चौदा काठ्यांची मोळी बांधून तू डोक्यावर घेतलीस आणि शाळेपासून वाडीपर्यंत गावाच्या मधून चालत आलीस, सुट्टीतली पोरं बघत असताना. मला शहापूरच्या एस.टी.डी. बूथवर संध्याकाळी सुजाताचा फोन आला. मी तिथेच, बूथच्या बाकावर बसून पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जोरकस पत्रक होतं ते. दुसऱ्या दिवशी डी.टी.पी. करून घेतलं, वर ठळक मथळा, खाली काळी चौकट. तुला विचारलं नाही. विचारायचं असतं हेसुद्धा मनात आलं नाही. तुझ्यावर अन्याय झाला होता, तो मला दिसत होता, आणि माझ्याकडे कागद होता.

त्यात मी लिहिलं की शाळेने काढलं कारण तू बाई आहेस आणि बौद्ध आहेस, आणि कुणबी आळी गप्प बसली कारण तिला हे हवंच होतं. स्टँडवर जत्रेच्या गर्दीत पत्रकं वाटली. भज्यांच्या गाड्यांवर कढईतून निघालेली भजी माझ्याच मथळ्यावर निथळताना मी पाहिली आणि मला तेही प्रचाराचं यश वाटलं.

चौथ्या दिवशी मी खळ्यावर आले. अकरा मुलींच्या जागी तीन होत्या. तुमच्या वाडीतल्या दुसऱ्या दोघी आणि सुजाता. तू उडवीला टेकून बसली होतीस, पत्रक हातात.

"सुजाता, परत वाच गो," तू म्हणालीस. "ते मदलं."

सुजाता माझ्याकडे न बघता वाचायला लागली. "'सगुणाबाईंसारख्या एका अबला स्त्रीवर...'"

"अबला म्हंजे काय?"

सुजाताने कागद खाली केला.

"सांग ना गो. दहावीला हायस."

"जिच्यात बळ नाय ती, आत्या."

तू उठलीस. अंगावरचा पेंढा झटकलास. माझी काठी माझ्याकडे फेकलीस आणि म्हणालीस, "ये. पवित्रा घे." मी घेतला. तू आपली काठी उचललीही नाहीस. मी वार करणार तेवढ्यात तू पुढे आलीस, माझ्या काठीला मधे धरलंस, कमरेतून वळलीस, आणि मी खळ्यावर उताणी पडले. माझी काठी तुझ्या हातात होती. वर आभाळ होतं, फार निळं. तुझं तोंड त्या आभाळात आलं.

"आता लिव," तू म्हणालीस. "अबलेनं काठी घेतली."

मुली हसल्या नाहीत. मी पडल्या पडल्याच भांडायला लागले. "मग काय गप्प बसायचं? त्यांनी तुला कुंपणाबाहेर काढलं आणि तू मोळी उचलून घरी आलीस!"

"घरी नाय. खळ्यावर."

"एकच ते!"

"एक नाय," तू म्हणालीस, आणि मग खाली बसून, माझ्या डोक्यापाशी, हळू आवाजात सांगितलंस ते मी विसरू शकत नाही. शाळेचं गॅदरिंग पुढच्या आठवड्यात होतं. सगळे आईबाप येणार होते, दोन्हीकडचे. तू अकरा मुलींना घेऊन फाटकासमोरच्या रस्त्यावर उभी राहणार होतीस. आत नाही, रस्त्यावर. घोषणा नाही, काही नाही. मुलींचे काठीचे हात दाखवायचे, बस. "तुझी चुलतबहीन मनीषा पन व्हती त्याच्यात. तुझे काकानं तिला कदी फिरवताना बगितली नाय. त्यानं बगितली असती तं शाळेला त्यानंच इचारलं असतं, हे कशाला बंद केलं? मला नाय बोलायला लागलं असतं. आनि कराटे पन शिकू देत की, हातपाय तं हलतील पोरींचे. मी भांडले नाय असं तुला वाटलं. मी खांदा खाली ठेवला व्हता गो."

तुझ्या त्या अकरा जणींतल्या आठ आमच्या आळीच्या होत्या. पत्रकात त्यांच्या घरादारावर आरोप होता. त्यांच्या आयांनी त्यांना घरी ठेवलं. गॅदरिंगच्या दिवशी शाळेच्या फाटकावर बंदोबस्त होता, माझ्या पत्रकामुळेच. माझ्या घरी त्या दिवशीही भाकऱ्या भाजल्या गेल्या, आई मला ओरडली आणि वाढलंही. किंमत दिलीस ती तू. तुझं खळं ओस पडलं.

आई म्हणाली होती, "तू कोणासाठी लिहितेस गो? त्या बाईसाठी का तुझ्यासाठी? पोरी जात होत्या, आमी डोळा झाकला व्हता. चपला काढून त्यांच्या खळ्यावर जातात, त्यांच्या माठातलं पाणी पितात, सगळं माहीत व्हतं आमाला. कागदात नाव आलं, मंग डोळा उघडायला लागला." मी आईशी तीन दिवस बोलले नाही. डोळा झाकणं हे मला अजूनही मान्य नाही. पण त्या झाकलेल्या डोळ्याखाली आठ मुली तुझ्या माठातलं पाणी पीत होत्या, हेही खरं आहे, आणि माझ्या सगळ्या पत्रकांनी मिळून आठ वर्षांत तेवढं केलेलं नाही.

आपलं ते भांडण अर्धं राहिलं, आत्या. मी तुझं सगळं मान्य केलेलं नाही. तुझा अपमान झाला तो जातीचाही होता आणि तू बाई आहेस त्याचाही होता, सर्टिफिकेट हे निमित्त होतं, असं मी आजही म्हणेन. तू म्हणायचीस, "असेल गो. पन माझा अपमान मला मोजू दे. तू कशाला मोजतेस?" काही गोष्टी लिहिल्याशिवाय बदलत नाहीत, हे मला तुला पटवायचं होतं. काही गोष्टी दाखवल्याशिवाय बदलत नाहीत, हे तू मला पटवत होतीस. आपण दोघी बहुधा एकाच काठीची दोन टोकं धरून ओढत होतो.

आणि मी माफी मागितली नाही. मागणार होते. प्रत्येक सकाळी ठरवून यायचे. तू मला ती संधीच दिली नाहीस, किंवा मी घेतली नाही. मी आले की तू नेहमीसारखी वाकायचीस, पाऊल वाचायचीस. "आज डावी टाच हलकी हाय. काय खाऊन आलीस?" बस, दिवस सुरू. त्या खळ्यावर पाऊस लागेपर्यंत तू आम्हा चौघींना तेवढ्याच तन्मयतेने शिकवलंस जितक्या तन्मयतेने अकरांना शिकवायचीस. जणू बाकीच्या आठ जणी धुक्यात कुठे तरी उभ्याच आहेत, फक्त दिसत नाहीत. कधी कधी तू त्यांची नावंही घ्यायचीस. "मनीषा, मान वर," म्हणायचीस, आणि तिथे कोणी नसायचं, नुसतं पांढरं धुकं. आम्ही एकमेकींकडे बघायचो. मला वाटायचं, तुला विसर पडतोय. आता वाटतं, तू जागा राखत होतीस.

शेवटचा मंगळवार. मी तिथे नव्हते, सुजाताने सांगितलं ते लिहिते. त्याच्या आदल्या दिवशी या वर्षीची झोडणी संपली. मंगळवारी पहाटे तू खळं सारवलंस, झोडणीनंतरचं पहिलं सारवण. मग काठी घेऊन त्या ओल्यावर एकटीच उभी राहिलीस आणि फिरवलीस, थोडीशी. मग हात धुतलेस, पडवीत बसलीस, भिंतीला पाठ टेकलीस. सुजाता आली तेव्हा तिला वाटलं तू ऊन खातेस.

मी दुपारी पोचले. तुला ठेवलं होतं तिथे बसले, मग उठून खळ्यावर गेले. ते वाळून टणक झालं होतं, आणि त्यात तुझी पावलं होती. तू आमची पावलं इतकी वर्षं वाचलीस, तुझी आम्ही कधी वाचली नव्हती. मी वाकले. दोन्ही पावलांवर सारखा भार. टाच कुठेच खोल नाही. चार पावलं पुढे, एक वळण, तिथे अंगठ्याखाली सारवण किंचित गोल मुरडलेलं, आणि परत चार पावलं. अख्खी फिरकी होती ती, जमिनीवर लिहिलेली. मी त्यांच्या शेजारी, त्यांना धक्का न लावता, उभी राहिले. माझा पाय तुझ्या पायापेक्षा मोठा आहे, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून रोज झोपेत मी त्या खळ्यावर असते. धुकं असतं. तू दिसत नाहीस, पण तू आहेस हे सारवणाच्या वासावरून कळतं. मी वार करणार असते आणि माझा खांदा वर जातो, आणि कुठून तरी तू म्हणतेस, "आली, आली." मी हसते आणि जागी होते.

वाडीत काही जणांचं म्हणणं होतं की ती पावलं तशीच राखावीत. वर पत्रा टाकावा, फुलं वाहावीत. मलाही मोह झाला. त्याचा फोटो, खाली चार ओळी, सगळ्या तालुक्यात गेला असता. मग सुजाता म्हणाली, "आत्यानं कदी मागच्या सालचं पाऊल ठेवलंय काय? खळं सारवायला नको?" सतरा वर्षांची आहे ती आता. तिला तुझे काठीचे सगळे हात येतात, मला साडेचार. काल पहाटे आम्ही दोघींनी शेण कालवलं. मी कोपऱ्यातून सुरुवात केली आणि तुझ्या पावलांपाशी येऊन थांबले. सुजाता थांबली नाही. तिने अर्धवर्तुळात हात फिरवला, जसा तू फिरवायचीस, आणि ती पावलं सारवणाखाली गेली. मला रडू आलं आणि त्याच वेळी वाटलं, आत्या, हे बरोबर आहे. मग ती उठली, माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, चाल." आणि वाकून माझी पावलं वाचायला लागली.

तू मला राग ठेवायला जागा दाखवलीस, याबद्दल मी तुझी ऋणी आहे. माफी या कागदात मागते, कारण चूकही कागदावर केली होती. मला माफ कर.

आता तुम्ही, जे हे वाचत आहात, आणि विशेषतः आमच्या आळीतले. काका, मी तुमच्या घराचं नाव त्या पत्रकात घातलं, तुम्हाला न विचारता, तुमच्याशी न बोलता. राग आला असेल तर तो माझ्यावर काढा, मी घरीच आहे. मुलींवर काढू नका. खळ्यावर त्या आठ जणींची जागा आहे, ती कोणी घेतलेली नाही. शिकवणार सुजाता आहे, मी नाही. मी तुमच्या मुलींबरोबर रांगेत, सगळ्यात मागे असेन.

पुढच्या रविवारी सकाळी, खळ्यावर ऊन यायच्या आत, मनीषाला घेऊन या. काठी कानाएवढी, कारवीची नको. आणि तिला वाडीच्या तोंडाशी सोडून परत फिरू नका. ती फिरवेल ते बघायला थांबा. सारवण ओलं असेल. चपला काढा आणि आत या.